आधी 'द हाउस ऑफ मर्थ' की 'द जंगल'? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकी बेस्टसेलर कादंबऱ्यांपैकी काय वाचावं

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंधरा-वीस वर्षांत अमेरिकेत ज्या कादंबऱ्यांवर वाचकांच्या उड्या पडल्या, त्या आज जवळजवळ सगळ्या फुकट मिळतात. तिथल्या कायद्याप्रमाणे त्यांचा कॉपीराइट कधीच संपलाय. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ई-बुक आहेत, लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचून ठेवलेली ऑडिओ पुस्तकं आहेत. खिशाला तोशीस नाही, पण एकेक कादंबरी तीनशे-चारशे पानांची, इंग्रजी जुन्या वळणाचं, आणि गाजलेल्या नावांची रांग मोठी. नोकरी-संसार सांभाळून रात्री झोपण्याआधी पंधरा-वीस पानं वाचणाऱ्यानं यातलं काय उचलावं आणि काय खुशाल सोडून द्यावं, त्यासाठी हा आढावा.

माझं मत आधीच सांगून टाकते. एकच वाचणार असाल तर एडिथ व्हॉर्टनची 'द हाउस ऑफ मर्थ' वाचा. दोन वाचणार असाल तर तिच्या जोडीला अप्टन सिंक्लेअरची 'द जंगल' घ्या, आणि दोन्ही लागोपाठ वाचा. त्यापुढची निवड तुम्हाला घोडे-बंदुका आवडतात, रानवनं आवडतात की नुसती करमणूक हवी आहे, त्यावर ठरेल.

यादीवर किती भरवसा ठेवायचा

खपाची यादी छापायला अमेरिकेत सुरुवात केली ती 'द बुकमन' या मासिकानं, १८९५ साली. निरनिराळ्या शहरांतल्या पुस्तकविक्रेत्यांना विचारायचं की तुमच्याकडे सध्या कोणती पुस्तकं जास्त जातात, आणि त्यावरून क्रम लावायचा. प्रती नेमक्या किती गेल्या हे त्यातून कळत नसे. १९१२पासून 'पब्लिशर्स वीकली' वर्षाच्या याद्या देऊ लागलं. आज आपण 'त्या वर्षीची पहिल्या नंबरची कादंबरी' म्हणतो तेव्हा आधार या याद्यांचाच असतो.

अमेरिकी लेखक नेमके याच सुमारास यादीत वर का सरकले, याला एक साधं व्यवहारी कारण आहे. १८९१पर्यंत परदेशी लेखकांना अमेरिकेत कॉपीराइटचं संरक्षण नव्हतं. इंग्लंडमधली गाजलेली कादंबरी तिथला कोणीही प्रकाशक लेखकाला दमडी न देता छापू शकत असे आणि स्वस्तात विकू शकत असे. देशी लेखकाचं पुस्तक मानधन धरून महाग पडायचं. १८९१च्या कायद्यानं ही लूट थांबली आणि घरच्या लेखकाला बरोबरीच्या भावात बाजार मिळाला. नवी कादंबरी तेव्हा साधारण दीड डॉलरला मिळे. ती वर्ष-दोन वर्षं चालली की ग्रॉसेट अँड डनलॅपसारखे प्रकाशक तिची स्वस्त आवृत्ती काढत, आणि खेड्यापाड्यांतल्या वाचकांपर्यंत ती खऱ्या अर्थानं तेव्हा पोचे. पहिल्या वर्षी रडतखडत खपलेली पुस्तकं पुढे दहा-पंधरा वर्षं दौडत राहिली ती या स्वस्त आवृत्त्यांमुळे.

आता या यादीची दुसरी बाजू बघा. १९०० साली यादीत पहिली होती मेरी जॉन्स्टनची 'टू हॅव अँड टू होल्ड', व्हर्जिनियातल्या जेम्सटाउन वसाहतीत घडणारी तलवारबाजीची प्रेमकथा. त्याच वर्षी थिओडोर ड्रायझरची 'सिस्टर कॅरी' आली. प्रकाशकानं ती नाखुशीनं, हजारेक प्रतींची छापली आणि ४५६ विकल्या गेल्या. आज कॉलेजांत 'सिस्टर कॅरी' शिकवतात आणि मेरी जॉन्स्टनचं नाव अभ्यासकांनाच माहीत असतं. तेव्हा यादी हातात ठेवा, पण तिच्या क्रमानं वाचायला जाऊ नका.

ज्याला सोडून दिलं तरी चालेल असा राजा

त्या काळातल्या यादीवर सगळ्यात जास्त सत्ता कोणी गाजवली असेल तर विन्स्टन चर्चिलनं. हे ब्रिटिश पंतप्रधान नव्हेत. हा १८७१ साली सेंट लुईसमध्ये जन्मलेला अमेरिकी कादंबरीकार. 'द क्रायसिस' (१९०१), 'द क्रॉसिंग' (१९०४), 'कॉनिस्टन' (१९०६), 'मिस्टर क्रूज करिअर' (१९०८), 'द इनसाइड ऑफ द कप' (१९१३), यातली प्रत्येक कादंबरी आपापल्या वर्षी पहिली आली. इतकं सातत्य त्या काळात दुसऱ्या कुणाला जमलं नाही. १८९९मध्ये ब्रिटिश चर्चिलनंच त्याला पत्र लिहिलं, आणि वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून आपण यापुढे पुस्तकांवर 'विन्स्टन स्पेन्सर चर्चिल' अशी सही करू असं कळवलं. त्या घडीला कादंबरीकाराचं नाव अधिक मोठं होतं! न्यू हॅम्पशरमधल्या कॉर्निशचं त्याचं घर पुढे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी उन्हाळ्यासाठी भाड्यानं घेतलं. तो स्वतः दोनदा त्या राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उतरला आणि दोन्ही वेळा हरला.

आज त्याला वाचताना मला त्याची मेहनत दिसते, अभ्यास दिसतो, पण माणसं हलताना दिसत नाहीत. प्रत्येक पात्र कुठल्या ना कुठल्या मुद्द्याचं वकीलपत्र घेऊन आलेलं असतं. तुम्हाला राजकारणात रस असेल तर 'कॉनिस्टन' एवढी एक बघा. जेथ्रो बास नावाचा गावचा माणूस गावसभेपासून सुरुवात करून अख्ख्या राज्याचं राजकारण मुठीत कसं आणतो, याची ही गोष्ट आहे. रूएल डर्की नावाच्या खऱ्याखुऱ्या राजकीय पुढाऱ्यावर जेथ्रो बेतला होता. सत्तेची गणितं तिथे नीट उलगडतात. बाकीचा चर्चिल सोडलात तर काही बिघडत नाही.

'द हाउस ऑफ मर्थ' आणि 'द जंगल'

एक ऑक्टोबर १९०५मध्ये पुस्तकरूपात आली, दुसरी फेब्रुवारी १९०६मध्ये. चार महिन्यांचं अंतर. एकीत न्यूयॉर्कच्या गडगंज घरांतले दिवाणखाने, दुसरीत शिकागोतल्या खाटीकखान्यांमागची चाळवजा वस्ती. पहिलीची नायिका लिली बार्ट, एकोणतीस वर्षांची, देखणी, उच्चभ्रू कुटुंबातली आणि कफल्लक. दुसरीचा नायक युर्गिस रुडकुस, लिथुएनियातून आलेला धिप्पाड तरुण, कितीही कष्ट उपसायला तयार. दोघांचीही गोष्ट एकच आहे: हातात पैसा नसलेल्या माणसाला अमेरिका कसं पायरी-पायरीनं खाली ढकलते. म्हणून मी त्या लागोपाठ वाचायला सांगते. एकीमुळे दुसरीवर जो उजेड पडतो, तो सुट्या वाचल्या तर पडत नाही.

व्हॉर्टन या जगातच जन्मली होती. १८६२ साली न्यूयॉर्कच्या जुन्या श्रीमंत घराण्यात. त्यामुळे ती बाहेरून बोट दाखवत नाही, तिला आतल्या प्रत्येक खोलीचं भाडं माहीत असतं. कादंबरी 'स्क्रिब्नर्स मॅगझिन'मध्ये क्रमशः आली. दुसऱ्या लेखकाची ठरलेली मालिका वेळेत तयार झाली नाही, म्हणून संपादकांनी हिला विचारलं, आणि महिन्याच्या महिन्याला मजकूर देत तिनं ती पूर्ण केली. या धावपळीनंच आपल्याला लेखनाची शिस्त लावली असं तिनं नंतर आत्मचरित्रात लिहिलंय. पुस्तक आल्यावर वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० प्रती छापाव्या लागल्या.

पहिल्याच प्रकरणातला एक प्रसंग सांगते, म्हणजे तिची पद्धत कळेल. लिलीची गाडी चुकलीय. पुढच्या गाडीला वेळ आहे म्हणून ती लॉरेन्स सेल्डन या ओळखीच्या वकिलाच्या घरी चहाला जाते. एकट्या पुरुषाच्या घरी, एकटी. काहीही वावगं घडत नाही. गप्पा, चहा, सिगारेट. निघताना जिन्यावर लादी पुसणारी बाई तिच्याकडे टक लावून बघते. आणि दारात नेमका भेटतो रोझडेल, नव्यानं पैसेवाला झालेला, वरच्या वर्तुळात शिरू पाहणारा गृहस्थ. लिली घाईघाईत सांगते की मी शिंपिणीकडे आले होते. तो म्हणतो, या इमारतीत शिंपीण आहे हे मला ठाऊक नव्हतं. इमारतीचं नाव आपल्याला माहीत नसल्याचा आव लिली आणते. तो शांतपणे सांगतो की नाव मला माहीत आहे, कारण इमारत माझ्याच मालकीची आहे.

एवढंच. एका कप चहाची ही किंमत आहे, आणि ती पुढे चारशे पानं लिलीच्या नावावर चढत राहते. कुठेही आरडाओरडा नाही, खलनायक मिशी पिळत येत नाही. श्रीमंतांच्या घरी पाहुणी म्हणून राहायचं तर रात्री त्यांच्याबरोबर पैसे लावून ब्रिज खेळावं लागतं. खेळलं की हरणं आलं, हरलं की उधारी. मग मैत्रिणीचा नवरा म्हणतो, तुझे पैसे मी शेअर बाजारात गुंतवून देतो. ती विश्वास ठेवते. तो बदल्यात काय मागणार, हे वाचकाला तिच्या आधी कळतं. मधल्या दहा प्रकरणांत 'अगं, नको' असं मनात म्हणत आपण पानं उलटत राहतो.

दोष नाहीत असं नाही. रोझडेल ज्यू आहे आणि व्हॉर्टन त्याच्याबद्दल जे लिहिते त्यात तिच्या वर्गाचा ज्यूद्वेष सरळसरळ उतरलाय. वाचताना ते खुपतं, खुपलंच पाहिजे. गंमत अशी की शेवटाकडे तोच माणूस लिलीशी इतरांपेक्षा सरळ वागताना दिसतो. लेखिकेची कथा तिच्या पूर्वग्रहापेक्षा शहाणी निघते. दुसरी अडचण भाषेची. वाक्यं लांब, टोमणे आत दडवलेले, अर्थ दोन ओळींच्या मध्ये. पहिली पन्नास पानं धीर धरा आणि रोज थोडंच वाचा.

'द जंगल' याच्या अगदी उलट. वाक्य सरळ, घटना ढळढळीत, राग उघडा. सिंक्लेअर १९०४ साली सात आठवडे शिकागोच्या पॅकिंगटाउनमध्ये जाऊन राहिला, कामगारांत मिसळला, कारखान्यांतून हिंडला. तेव्हा तो पंचविशी ओलांडलेला, खिसा रिकामा असलेला समाजवादी होता. कादंबरी आधी 'अपील टू रीझन' या समाजवादी साप्ताहिकात क्रमशः आली. पुस्तक छापायला मॅकमिलननं नकार दिला, आणखी काहींनी दिला. अखेर डबलडे, पेजनं घेतली, पण आधी शिकागोला माणूस पाठवून लिहिलेलं खरं आहे का याची खातरजमा करून.

सुरुवात होते युर्गिस आणि ओना यांच्या लग्नाच्या जेवणावळीनं. लिथुएनियन रिवाजाप्रमाणे आलेल्या पाहुण्यांनी आपापल्या ऐपतीनं पैसे टाकायचे, म्हणजे खर्च भरून निघतो आणि जोडप्याला थोडं उरतं. पण अमेरिकेत येऊन तरुण पोरं बदललीत. जेवतात, पितात, नाचतात आणि पैसे न टाकता सटकतात. खर्च दोनशे, कदाचित तीनशे डॉलर होणार, आणि त्या हॉलमधल्या कितीतरी लोकांची वर्षाची कमाई तीनशे डॉलर नाही. बायका कोपऱ्यात कुजबुजतायत, हिशेब जुळत नाही, ओना घाबरलीय. आणि युर्गिस तिला म्हणतो, काळजी करू नको, मी आणखी काम करीन. पुढे प्रत्येक संकटात तो हेच म्हणतो. हे वाक्य कितव्यांदा येतं हे मोजायची गरज पडत नाही. प्रत्येक वेळी ते जास्त दुखतं. लग्नाच्या कर्जाखाली वाकलेली घरं ज्यांनी आपल्याकडे जवळून पाहिलीत, त्यांना हे पहिलं प्रकरण आतून कळेल.

त्यानंतर घर घेण्याचा प्रसंग येतो. किंमत पंधराशे डॉलर, तीनशे रोख, उरलेले महिना बारा डॉलर. कागद इंग्रजीत. वकील म्हणतो, सगळं ठीक आहे. घरात राहायला गेल्यावर शेजारची म्हातारी सांगते की बारा डॉलरवर व्याज वेगळं असतं, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? आणि हेही सांगते की हेच घर आधी कित्येक कुटुंबांना विकून, हप्ते थकले की परत घेतलेलं आहे. ही पंधरा-वीस पानं मी कुठल्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाच्या बरोबरीनं धरते.

लोकांनी मात्र वेगळंच लक्षात ठेवलं. सडलेलं मांस, त्यात मिसळलेली रसायनं, सॉसेजमध्ये गेलेले उंदीर. पुस्तकात हा भाग थोडक्याच पानांचा आहे, पण देश हादरला तो त्यानं. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी स्वतंत्र चौकशी करवली, आणि ३० जून १९०६ रोजी मांसतपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधांचा असे दोन कायदे झाले. पुस्तक आल्यापासून पाच महिन्यांच्या आत! सिंक्लेअर स्वतः यावर खूश नव्हता. मी लोकांच्या हृदयावर नेम धरला होता आणि चुकून तो पोटाला लागला, असं तो म्हणाला. त्याला कामगारांसाठी न्याय हवा होता; लोकांना स्वच्छ मांस मिळालं. पुस्तकातून आलेला पैसा त्यानं न्यू जर्सीमध्ये हेलिकन हॉल नावाच्या सहकारी वसाहतीत घातला, आणि ती १९०७च्या मार्चमध्ये जळून गेली.

कादंबरी म्हणून 'द जंगल'चा शेवटचा चौथा हिस्सा ढासळतो. युर्गिस एका सभेत जातो, समाजवाद ऐकतो, आणि तिथून पुढे माणसं जाऊन भाषणं उरतात. संपावरच्या प्रकरणांत काळ्या कामगारांचं वर्णनही गलिच्छ वंशद्वेषी आहे. गरिबांबद्दल इतका कळवळा असलेल्या लेखकाला तेवढं दिसू नये याचं वाईट वाटतं. पण पहिले तीन हिस्से इतके जबरदस्त आहेत की शेवट चाळून सोडलात तरी पुस्तक तुम्हाला सोडणार नाही.

मग आधी कोणती? इंग्रजी कादंबऱ्या वाचायची सवय कमी असेल तर 'द जंगल' आधी. रोजचं वाचन इंग्रजीत होत असेल तर 'द हाउस ऑफ मर्थ' आधी, म्हणजे लिलीच्या जगातल्या एका पार्टीचा खर्च मनात असताना तुम्ही युर्गिसच्या घराच्या हप्त्यापाशी पोचाल. मन आधीच खचलेलं असेल, घरात आजारपण असेल, तर या दोन्ही आत्ता घेऊ नका. खाली पोर्टरबाईंचं पुस्तक आहे, ते घ्या.

घोडा हवा असेल तर: विस्टर की झेन ग्रे

काउबॉय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जो कमी बोलणारा, नेमबाज, स्त्रियांशी अदबीनं वागणारा माणूस उभा राहतो, तो बऱ्याच अंशी ओवेन विस्टरच्या 'द व्हर्जिनियन'मधून आला. ही १९०२ची पहिल्या नंबरची कादंबरी. विस्टर होता फिलाडेल्फियाचा, हार्वर्डमध्ये शिकलेला, संगीतकार व्हायची इच्छा असलेला आणि वडिलांच्या आग्रहानं वकिलीकडे वळलेला. तब्येत सुधारावी म्हणून १८८५ साली वायोमिंगला गेला आणि त्या मुलखाच्या प्रेमात पडला. कादंबरी त्यानं हार्वर्डचा दोस्त रूझवेल्ट याला अर्पण केली, तोच जो तेव्हा अध्यक्ष होता.

पत्त्यांच्या टेबलावर ट्रॅम्पस नायकाला शिवी देतो. नायक पिस्तूल टेबलावर ठेवतो आणि हळू आवाजात सांगतो, मला असं म्हणायचं असेल तेव्हा हसून म्हण. पुढच्या शेकडो वेस्टर्न सिनेमांचं बीज या एका ओळीत आहे. पुस्तकाचा मोठा भाग मात्र विनोदी किश्श्यांचा आहे. नाचाच्या रात्री झोपलेल्या तान्ह्या बाळांचे कपडे अदलाबदल करून आयांना फसवण्याचा किस्सा आजही खळखळून हसवतो. खटकतं ते दुसरंच. गुरं चोरणाऱ्यांना खटल्याशिवाय फासावर लटकवणं कसं बरोबर होतं, हे एका न्यायाधीशाच्याच तोंडून लेखक समजावून सांगतो. १८९२मध्ये वायोमिंगात बडे गुरमालक आणि लहान शेतकरी यांच्यात जो रक्तरंजित झगडा झाला, त्यात विस्टरची सहानुभूती बड्यांकडे होती, आणि ती लपत नाही.

झेन ग्रे मुळात दंतवैद्य. ओहायोतल्या झेन्सव्हिलचा, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बेसबॉलच्या जोरावर शिकलेला. त्याची 'रायडर्स ऑफ द पर्पल सेज' १९१२ची. काळ १८७१चा, जागा युटाच्या सरहद्दीवरचं, मॉर्मन या धर्मपंथाच्या लोकांचं गाव. गुरांच्या मोठ्या कळपाची मालकीण जेन विदरस्टीन धर्मपुढाऱ्याशी लग्न करायला नकार देते, आणि काळ्या पेहरावातला लॅसिटर घोड्यावरून येतो. माणसं लाकडी, संवाद नाटकी, मॉर्मन लोकांचं चित्र एकतर्फी काळं. पण निसर्ग! दऱ्यांमधला संध्याकाळचा रंग, सेजच्या झुडपांच्या माळावर उठणारी धूळ, बिथरून उधळलेला कळप, कड्यावर लपलेली हिरवी दरी. इथे ग्रे विस्टरपेक्षा सरस आहे.

माणसं आणि गप्पा हव्यात तर विस्टर, पाठलाग आणि डोंगर हवेत तर ग्रे. विस्टरमध्ये बोलीभाषेतले उच्चार जसेच्या तसे लिहिलेत, ते डोळ्यांनी वाचताना अडखळायला होतं; ऑडिओ ऐकलंत तर सोपं जाईल. दोन्ही वाचायची गरज नाही.

पोर्टरबाईंची दलदल

'अ गर्ल ऑफ द लिंबरलॉस्ट' (१९०९) ही या सगळ्यांत मला सर्वांत जिव्हाळ्याची. एलनोरा कॉमस्टॉक इंडियानातल्या दलदलीच्या काठावर राहते. हायस्कूलच्या पहिल्या दिवशी साधा छिटाचा झगा आणि जाडजूड बूट घालून ती शहरातल्या शाळेत जाते, सगळा वर्ग बघत राहतो, आणि वर कळतं की फी आणि पुस्तकं यांचे पैसे स्वतः भरायचे आहेत. आईला तिच्याविषयी माया नाही. नवरा याच दलदलीत बुडाला आणि त्याचा राग ती मुलीवर काढते. एलनोरा मग रानातले पतंग आणि कोश गोळा करून संग्राहकांना विकते आणि शिकते.

लेखिका जीन स्ट्रॅटन-पोर्टर स्वतः त्या दलदलीत कॅमेरा घेऊन फिरणारी निसर्ग-अभ्यासक होती. तिला निसर्गावरची पुस्तकं लिहायची होती, प्रकाशकांना खपणाऱ्या कादंबऱ्या हव्या होत्या. तोडगा असा निघाला की एक कादंबरी, एक निसर्गपुस्तक, आळीपाळीनं. तिचीच 'द हार्वेस्टर' पुढे १९१२च्या यादीत पहिली आली. तेवढ्यात शेती आणि तेलविहिरींसाठी लिंबरलॉस्टचं पाणी काढून टाकलं गेलं आणि तिला दुसरीकडे राहायला जावं लागलं. त्यामुळे कादंबरीतलं पतंगांचं वर्णन वाचताना आपण एका नाहीशा झालेल्या रानाची नोंदवही वाचत असतो. आई-मुलीचा पूर्वार्ध कसदार आहे, उत्तरार्धातली प्रेमकथा पातळ. तिच्या १९२१च्या 'हर फादर्स डॉटर'पासून मात्र दूर राहा. त्यात जपानी लोकांविरुद्ध उघड द्वेष आहे.

हिच्या बाजूला नेहमी ठेवलं जाणारं नाव म्हणजे हॅरॉल्ड बेल राइट. हा आधी धर्मोपदेशक होता. त्याची 'द शेफर्ड ऑफ द हिल्स' (१९०७) ओझार्क डोंगरांत घडते आणि तिच्यामुळे लोक तो भाग बघायला जाऊ लागले. शिकागोचा त्याचा प्रकाशक टपालानं पुस्तकं विकत असे, त्यामुळे जिथे दुकान नाही तिथेही राइट पोचला. पण त्याच्या पानापानांत प्रवचन आहे. दोघांत निवडायचं तर डोळे झाकून पोर्टर. एलेनॉर पोर्टरची 'पॉलिअॅना' (१९१३) शाळकरी मुलांबरोबर वाचायला छान, मोठ्यांनी एकट्यानं वाचायला फार गोड.

नुसती करमणूक, आणि एक नाव टाळण्याजोगं

प्रवासात काही हलकं हवं असेल तर जॉर्ज बार मॅकचनची 'ब्रूस्टर्स मिलियन्स' (१९०२) घ्या. एका वर्षात दहा लाख डॉलर उधळून कफल्लक झालं तरच त्याहून मोठी इस्टेट मिळेल, अशी अट असलेला तरुण. नसीरुद्दीन शाहांचा 'मालामाल' (१९८८) ज्यांनी पाहिलाय, ज्यात सुनील गावस्करही झळकतात, त्यांना गोष्ट ओळखीची वाटेल, मूळ हेच. रहस्य हवं असेल तर मेरी रॉबर्ट्स राइनहार्टची 'द सर्क्युलर स्टेअरकेस' (१९०८) दोन रात्रींत संपते, आणि तिची निवेदक, भाड्याच्या बंगल्यात पुतण्या-पुतणीला घेऊन राहायला आलेली तिखट जिभेची प्रौढ अविवाहित बाई, लक्षात राहते.

यादी चाळताना १९०५मध्ये थॉमस डिक्सनची 'द क्लॅन्समन' दिसेल. काळ्या लोकांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या संघटनेला नायक करणारं हे पुस्तक प्रचंड खपलं आणि त्यावरून १९१५मध्ये 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा सिनेमा आला, ज्यानं क्लॅनला पुन्हा उभं राहायला बळ दिलं. इतिहासाचा अभ्यास करत असाल तरच हातात घ्या, वाचनाच्या आनंदासाठी नको.

प्रत निवडताना

व्हॉर्टनची कुठलीही आवृत्ती चालेल, पण टिपा असलेली मिळाली तर उत्तम, कारण कपडे, नातेवाईक आणि क्लब यांचे बारकावे टिपांशिवाय निसटतात. ती आवडली तर पुढे तिचीच 'द एज ऑफ इनोसन्स' (१९२०) घ्या. तिला पुलित्झर मिळालं, आणि कादंबरीसाठी ते मिळवणारी ती पहिली स्त्री. बूथ टार्किंग्टनची 'द मॅग्निफिसंट अॅम्बरसन्स' (१९१८) त्यानंतर.

'द जंगल' घेताना प्रकरणांची संख्या बघा. १९०६च्या पुस्तकात ३१ प्रकरणं आहेत. साप्ताहिकातला मूळ मजकूर ३६ प्रकरणांचा होता, आणि तो 'न कापलेली आवृत्ती' अशा जाहिरातीनं वेगळा विकला जातो. पहिल्यांदा वाचताना ३१वालीच घ्या. सिंक्लेअरनं पुस्तकासाठी बराच फापटपसारा स्वतःच काढला होता, आणि कथा तिथे जास्त घट्ट आहे.